चार कानांचे गुपित

गेल्या महिन्यात माझ्या अनुवादाची मुद्रिते परत आली. तांबड्या शाईच्या खुणांची मला सवय आहे. ऱ्हस्वाचे दीर्घ, निसटलेला अनुस्वार, दोनदा पडलेला 'आणि', एखाद्या परिच्छेदाच्या शेवटी उघडून बंद करायचे राहून गेलेले अवतरणचिन्ह, हे सारे मी चहा पिता पिता निस्तरते. त्या दिवशी मात्र एका पानाच्या समासात शाईऐवजी पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली. आमचे मुद्रितशोधक पंचाहत्तरीला आलेले आहेत आणि मजकुरावर शक्यतो मत देत नाहीत. देतात तेव्हा पेन्सिलीने देतात, म्हणजे आपल्याला ते खोडता यावे. मजकूर स्पेनच्या सोळाव्या शतकातील धर्मन्यायालयांविषयीचा होता आणि मूळ इंग्रजीत 'इल्युमिनिझम' असा शब्द होता. मी फार विचार न करता त्याचा 'साक्षात्कारवाद' करून टाकला होता. समासात त्यांनी विचारले होते, 'साक्षात्कार कोणाला? वाद कोणाचा?'

मी ती ओळ खोडली नाही. चहा मात्र गार झाला.

कोशात या शब्दाचा अर्थ सरळ दिलेला असतो: काही निवडक व्यक्तींना विशेष आध्यात्मिक प्रकाश लाभतो, असे मानणारी शिकवण. अर्थ कळायला अवघड नाही, अडचण येते ती मराठी शब्द लावताना. 'प्रबोधन' हा शब्द आपण युरोपच्या अठराव्या शतकाला देऊन बसलो आहोत, आणि तो उजेड बुद्धीचा, कोणाच्याही घरात शिरू शकणारा. 'ज्ञानोदय' म्हणावे तर 1842 साली अहमदनगरला मिशनऱ्यांनी सुरू केलेले नियतकालिक डोळ्यांपुढे येते. 'गूढवाद' फार मोठा पडतो, त्यात सगळे जगच मावते. 'प्रकाशवाद' म्हटले की भौतिकशास्त्राच्या तासाला बसल्यासारखे वाटते. भरीत भर म्हणजे याच लॅटिन मुळापासून निघालेले 'इल्युमिनाटी' हे नाव. माझा अकरावीतला भाचा डॉलरच्या नोटेवरचा डोळा दाखवून त्या मंडळींविषयी मला अधूनमधून सावध करीत असतो. आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने 1 मे 1776 रोजी बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे काढलेली ती गुप्त मंडळी साक्षात्काराच्या नव्हे, तर बुद्धीच्या बाजूची होती. दहा वर्षांच्या आत सरकारी बंदीने ती मोडली आणि त्यानंतरच ती खरी अमर झाली, हे भाच्याला सांगून उपयोग नसतो. म्हणजे एकाच दिव्याच्या नावाने एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली माणसे ओळखली जातात, आणि मी त्यांच्यापैकी एकांच्या हाती 'साक्षात्कारवाद' अशी पाटी देऊन मोकळी झाले होते.

माझ्या पुस्तकातली माणसे त्याहून अडीचशे वर्षे आधीची. त्यांना 'आलुंब्रादो' म्हणत. शब्दशः 'उजळलेले', ज्यांच्यावर उजेड पडला आहे असे. त्यांच्याविषयी वाचताना माझ्या नजरेतून एक गोष्ट निसटली होती आणि पेन्सिलीच्या त्या ओळीने ती पुन्हा वर काढली. हे नाव त्या माणसांनी स्वतःसाठी घेतलेले नव्हते. ते त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी ठेवले, आणि ठेवताना ओठ जरा वाकडे केले. एका संन्याशाविषयी लिहिलेल्या एका जुन्या पत्रात तर तो 'सैतानाच्या अंधाराने उजळलेला' आहे असे म्हटले आहे. हे वाचले आणि मला एकदम घरच्यासारखे वाटले. कारण मराठीत उजेडाचे दुसरे काय होते? परीक्षेत नापास झालेल्या मुलाला आपण म्हणतो, 'काय उजेड पाडलास!' सासरी भांडून आलेल्या मुलीला म्हणतात, 'छान दिवे लावलेस.' कोणी भलतेच काही बोलू लागला की विचारतात, 'साक्षात्कार झाला वाटतं?' उजेडाचा मोठेपणा सांगणारी आपली भाषा तो एखाद्या माणसावर पडला की लगेच टोमणा मारते. स्पेनमधल्या तोलेदो शहराच्या बाजारात कोणी एखाद्या बाईकडे पाहून 'ती बघा, उजळलेली' असे म्हटले असेल, तर तो सूर मराठी माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

ही बाई बहुधा इसाबेल दे ला क्रूस असती. ग्वादालाहारा गावची. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाशी नाते सांगणारी, पण मठात न राहणारी. मुलींना भरतकाम शिकवून ती पोट भरत असे. सुई चालवता चालवता ती जे सांगे ते ऐकायला शिकलेसवरलेले पुरुषही येत आणि त्यांच्यातला एक, पेद्रो रुईस दे आल्कारास नावाचा सरदारघरचा हिशेबनीस, तिला गुरू मानत असे. त्यांच्या शिकवणीचा गाभा एकाच क्रियापदात होता: सोडणे. आपली इच्छा, आपले प्रयत्न, कर्मकांडाचा आधार, सगळे सोडून ईश्वराच्या प्रेमात स्वतःला टाकून द्यायचे. हे बोलणे घराघरांतून, धर्मगुरूवाचून, बायकांच्या तोंडून होत होते. मला वाटते, धर्मन्यायालयाला यातल्या आशयाइतकीच बैठकीची ही मांडणीही झोंबली असावी. 1524 मध्ये दोघांना पकडले गेले. 23 सप्टेंबर 1525 रोजी आलोन्सो मान्रिके या मुख्य न्यायाधीशाच्या अधिकाराने तोलेदोत एक फर्मान निघाले आणि त्यात या मंडळींच्या तोंडची म्हणून 48 विधाने एकाखाली एक लिहून, ती कशी चुकीची आहेत याचे शेरे दिलेले होते. 1529 मध्ये शिक्षा झाली: जाहीर फटके आणि जन्मठेप.

त्या 48 विधानांतले पहिलेच मी अनुवाद करताना तीनदा वाचले. नरक म्हणून काही नाही, आणि आहे असे जे सांगतात ते आपल्याला भिववण्यासाठी, जसे लहान मुलांना सांगतात की बागुलबुवा येईल. मूळ स्पॅनिशमध्ये 'कोको' आहे. तिथे मी 'बागुलबुवा' लिहिले तेव्हा मला शब्द शोधावा लागला नाही, तो दारातच उभा होता. त्या सबंध फर्मानात मला खरा माणसाचा आवाज ऐकू आला तो याच ठिकाणी. बाकी सारे चौकशीच्या टेबलावर तासून गुळगुळीत केलेले. कोणी तरी, कोणत्या तरी स्वयंपाकघरात, कदाचित पोराला थोपटता थोपटता हे बोलून गेले असेल. ते साक्षीदाराने ऐकले, लेखनिकाने उतरवून घेतले, पंडितांनी त्यापुढे शेरा मारला आणि त्या साऱ्याला मिळून पुढे एक नाव पडले. म्हणजे आज ज्याला आपण 'वाद' म्हणतो त्याची पहिली एकत्रित मांडणी आरोपपत्रात आहे. 'वाद कोणाचा?' या प्रश्नाला निदान तोलेदोपुरते उत्तर होते: न्यायाधीशांचा.

आता हे थोडे आडवाटेचे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच काळात आल्काला येथे एक लंगडणारा, वयाने थोराड विद्यार्थी रस्त्यात लोकांना जमवून ध्यानाविषयी बोलत असे. हाही आलुंब्रादोंपैकी असावा, असा संशय येऊन 1527 मध्ये त्याला 42 दिवस कोठडीत ठेवले गेले. चौकशीत काही सापडले नाही. हा इग्नेशियस लोयोला. त्याने पुढे काढलेल्या जेझुइट संघाला 1540 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्याच संघाचा एक इंग्रज पाद्री, थॉमस स्टीफन्स, 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि मराठीच्या इतका प्रेमात पडला की ख्रिस्ताची कथा त्याने ओव्यांत रचली. ती 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापली गेली. तीत मराठीला त्याने हरळांमधल्या रत्नकिळेची उपमा दिली आहे, हे आपण भाषादिनाच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो. लोयोलाचा संशय फिटला नसता तर ती उपमा मराठीला मिळाली असती की नाही, कोण जाणे. अर्थात त्याच गोव्यात 1560 पासून धर्मन्यायालयही बसलेले होते, हेही त्याच गलबतांतून आले.

पण त्या समासातल्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मला स्पेनमध्ये रमू देत नव्हता. साक्षात्कार कोणाला?

माझ्या आजीने अनुग्रह घेतला होता. घरात हे वाक्य असेच, एवढेच म्हटले जाई. त्यात उजेड नव्हता, डोळे दिपणे नव्हते, काही 'दिसणे'ही नव्हते. 'घेतला' हे क्रियापद भाजी घेतली, लुगडे घेतले यातलेच. कृष्णाकाठच्या एका गावी, चातुर्मासात, कोणा महाराजांनी तिच्या उजव्या कानात मंत्र सांगितला, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि आईच्या पाठचा मामा तिच्या कडेवर होता. तो मध्येच रडू लागला म्हणून महाराजांना मंत्र दुसऱ्यांदा सांगावा लागला, हे ती हसत सांगे. मंत्र मात्र तिने कधी सांगितला नाही. रोज पहाटे ती देवघरापाशी, भिंतीला पाठ लावून, लाल फलालीनच्या गोमुखीत हात घालून बसे. आत तुळशीचे 108 मणी एकमेकांवर घसरत, त्यांचा वाळूत पाय ओढल्यासारखा बारीक आवाज येई. तिचे ओठ हलत. मी नऊ वर्षांची असताना तिच्या अगदी जवळ जाऊन, झोपेचे सोंग घेऊन ऐकायचा प्रयत्न केला आहे. एक 'स' ऐकू येई, किंवा तो दातांच्या फटीतून जाणारा नुसता श्वास असे. गोमुखीला कापूर आणि घामाचा मिळून एक वास होता. एकदा मी सरळच विचारले. ती म्हणाली, 'षट्कर्णी झाला की फुटतो गं मंत्र.' सांगणाऱ्याचे दोन कान, ऐकणाऱ्याचे दोन. पाचवा आणि सहावा कान आला की गुपिताचे बोलणे झाले. मी माझे दोन कान हातांनी चाचपून पाहिले होते, हे मला चांगले आठवते. त्या दोन कानांमुळेच मी बाहेर होते.

त्या वेळी मला वाटले त्याला राग म्हणावे की मत्सर, हे अजूनही ठरवता आलेले नाही. पुढे मोठेपणी तोच भाव वेगळ्या कपड्यांत भेटला. जवळच्या नात्यातले एकजण कुठल्याशा शिबिरातून तीन दिवसांत 'दीक्षा' घेऊन आले, फी भरून, आणि जेवणाच्या पानावर वाद सुरू झाला तेव्हा डोळे अर्धे मिटून म्हणाले, 'तुला नाही कळायचं. अनुभव घ्यावा लागतो.' त्या वाक्यापुढे बोलता येत नाही, कारण ते वाक्य दार आहे आणि ते आतून लावलेले आहे. आजी असे कधी म्हणाली नाही. तिचेही दार बंदच होते, पण ती त्याच्याकडे बोट दाखवत नसे. ती उठे, गोमुखी खुंटीला अडकवी आणि कणीक भिजवायला घेई. विशेष ज्ञानाचा दावा आणि विशेष ज्ञान यांत फरक करायचाच झाला, तर मला तो त्या खुंटीपाशी करावासा वाटतो. पण हेही मी आज म्हणते, आणि म्हणणारी मी तिची नात आहे, तेव्हा माझी साक्ष कितपत धरायची हे न्यायाधीशांनी पाहावे.

गुपिताचे आणि ते फुटण्याचे आपल्याकडे जेवढे कौतुक आहे तेवढे क्वचितच कुठे असेल. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात शेवटाकडे जी गुरुपरंपरा सांगितली आहे तिची सुरुवातच चोरून ऐकण्याने होते. क्षीरसमुद्राच्या काठी शंकर पार्वतीच्या कानात काही सांगतात. चारच कान. पण लाटांखाली मगरीच्या पोटात एकजण लपलेला असतो आणि ते त्याच्या हाती लागते. तो मत्स्येंद्रनाथ. तिथून गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानदेव. म्हणजे सबंध नाथसंप्रदायाचा उगम षट्कर्णी झालेल्या मंत्रात आहे! आजीला हे माहीत असणार, तिची ज्ञानेश्वरीची पारायणे झालेली होती. मला याहून मोलाची वाटते ती सहाव्या अध्यायातली जागा. कुंडलिनीचे ते वर्णन चालू असताना ज्ञानदेव म्हणतात की पिंडाने पिंडाचा ग्रास करावा, हे नाथांच्या संकेतातले मर्म आहे, श्रीकृष्णाने गीतेत त्याची नुसती खूण करून सोडली. आणि पुढच्याच ओवीत म्हणतात की त्या सूचकतेचे गाठोडे सोडून, 'यथार्थाची घडी झाडुनि', मी ते उलगडून मांडले, कारण समोरचे श्रोते घेणारे आहेत, गिऱ्हाईक आहेत, हे मी ओळखले. कापडाच्या दुकानात बसलेल्या माणसाला ही ओवी समजावून द्यावी लागत नाही. पांढऱ्या गादीवर बसलेला दुकानदार, समोर चार बायका, आणि तो वरच्या फळीवरचे, सहसा खाली न काढले जाणारे ठाण काढतो, गाठ सोडतो आणि एका झटक्यात घडी मोडतो. कापड हवेत फुगते आणि नव्या खळीचा वास येतो. गुप्त विद्येविषयी बोलताना इतका उघडा, इतका बाजारातला, इतका आनंदाचा हातवारा मला दुसरीकडे आढळलेला नाही. भरतकाम करणाऱ्या इसाबेललाही तो आवडला असता, असे मला उगाचच वाटून गेले.

आणि तुकारामबुवांची तर गंमतच. त्यांना गुरू भेटले ते स्वप्नात, गंगास्नानाला जाताना वाटेत. मस्तकावर हात ठेवला. जेवणासाठी पावशेर तूप मागितले, आणि स्वप्नात त्याचाच विसर पडला. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या प्रसंगाचे वर्णन करताना हा वाणी द्यायच्या राहिलेल्या तुपाचे माप सांगतो. त्याहून नवलाचे म्हणजे मंत्रही सांगून टाकतो: रामकृष्णहरी. तिथीवारासकट, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. चार कान नाहीत, सहा नाहीत. आज आषाढीला वाटेवर उभे राहिले तर ज्याला कान आहेत त्याला तो ऐकू येतो. साक्षात्काराला साक्षीदार नको असतात अशी समजूत असेल, तर इथे साक्षीदारांची मोजदाद करता येणार नाही.

आजी नव्वदीला पोचली आणि तिची आठवण सुटे मणी घरंगळावेत तशी जाऊ लागली. आधी नावे गेली, मग नाती, मग जेवण झाले की नाही हे. गोमुखी हातात असे, पण मणी पुढे सरकत नसत. एका संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी तिने आईला विचारले, 'माझा मंत्र काय गं होता?' मी दारात उभी होते. आईच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली. एवढ्या वर्षांत तिने तो कोणालाही सांगितला नव्हता. महाराज जाऊन चाळीस वर्षे झाली होती. चार कानांपैकी दोन मातीत होते आणि दोन ते विचारत होते. बाहेरच्या कोणाकडे तो असता, एखाद्या आगाऊ नातीने तो चोरून ऐकला असता, तर त्या क्षणी परत देता आला असता. आईने थोडा वेळ काही सुचत नसल्यासारखे केले. मग ती खाली वाकली आणि आजीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, 'रामकृष्णहरी.' आजी गप्प राहिली. चव ओळखण्यासाठी जीभ टाळूला लावावी तसे काहीसे तिचे तोंड हलले. मग ती म्हणाली, 'हा नव्हे. पण असू दे.'

आणि मणी पुढे सरकू लागले.

मला त्या वेळी रडू आले नाही. आईचा मात्र राग आला. इतकी खरी गोष्ट इतक्या सहज बदलून दिल्याचा. आता तो राग राहिलेला नाही, पण तो गेला आहे असेही छातीठोकपणे म्हणवत नाही. कधी वाटते, त्या संध्याकाळी आई आजीची गुरू झाली. कधी वाटते, एका म्हाताऱ्या बाईने लेकीची समजूत काढली, इतकेच. 'हा नव्हे' हे तिला कशावरून कळले? म्हणजे कुठे तरी, शब्द पुसून गेल्यावरही, तो मंत्र जागेवर होता आणि ती त्याच्याशी ताडून पाहत होती? कोशातल्या व्याख्येत ज्याला विशेष प्रकाश म्हटले आहे त्यातले जे काही मी प्रत्यक्ष पाहिले असेल, ते फार तर एवढेच, आणि तेही बाहेरून, दारातून.

मुद्रिते परत पाठवायला दोन दिवस उशीर झाला. 'साक्षात्कारवाद' मी सगळीकडून काढला. एकूण अकरा ठिकाणी होता. त्या जागी 'आलुंब्रादो' आणि 'आलुंब्रादोंची शिकवण' असे घातले, आणि पहिल्या उल्लेखापाशी तळटीप दिली: 'अर्थ: उजळलेले. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नसून विरोधकांनी हेटाळणीने दिलेले आहे. तुलना करा: उजेड पाडणे.' पेन्सिलीची ओळ तशीच राहू दिली. आठवड्याने अंतिम प्रत हातात आली तेव्हा मी आधी ते पान उघडले. समासात काही नव्हते. तळटिपेत मात्र मी घाईत 'विरोधकानी' लिहिले होते, तिथे तांबड्या शाईचा एक अनुस्वार होता.